घरचा वाफा, बाजाराचा वाफा

जून महिन्यात आपल्या वसईत दोन कामांचा आरंभ साधारण एकाच सुमारास होतो. पहिला पाऊस पडला की शेतात भाताचे रोप टाकले जाते, वाडीत शिराळी, पडवळ, काकडी यांच्या वेलांसाठी मांडव बांधले जातात; आणि त्याच दिवसांत नवी दप्तरे व नव्या छत्र्या घेऊन मुले शाळेची वाट धरतात. शेती आणि शाळा यांचा वर्षारंभ असा जोडीने होतो. पुढे वर्षभर मात्र दोघींची गाठ पडत नाही. शाळेच्या कुंपणापलीकडे भेंडीचे वाफे असतात, आणि कुंपणाच्या आत दुपारी मुलांच्या ताटात पडणारी भाजी कुठून आली हे मुलांना, शिक्षकांना आणि कित्येकदा ती शिजवणाऱ्या ताईंनाही ठाऊक नसते.

या गोष्टीकडे आपण नीतीच्या अंगाने पाहावे, म्हणून हे चार शब्द. अन्न कुठून येते हा प्रश्न बाजाराचा, फार तर सरकारचा, असे आपण धरून चालतो. त्यात कर्तव्याचा आणि सदसद्विवेकबुद्धीचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो शोधायला फार दूर जायला नको. तो आपल्याच वाडीत सापडेल.

भाजीपाला पिकवणाऱ्या अनेक घरांत दोन वाफे असतात, एक घरचा आणि एक बाजाराचा. घरच्या वाफ्याला शेणखत, राख, फार तर कडुनिंबाचा अर्क; बाजाराच्या वाफ्याला रासायनिक औषधाचा फवारा. घरची भेंडी थोडी वाकडी निघाली किंवा वांग्यात एखादी अळी सापडली, तर घरधनीण तेवढा भाग कापून टाकते आणि उरलेले फोडणीला घालते. बाजाराच्या मालात मात्र डाग चालत नाही. ही गोष्ट कुणी लपवीत नाही. पाहुण्याच्या पिशवीत भाजी भरताना ‘ही घरची आहे हो, निर्धास्त खा’ असे प्रेमाने सांगितले जाते. त्या वाक्यात पाहुण्याविषयी जितकी माया आहे, तितकीच बाजारातल्या गिऱ्हाइकाविषयी, नकळत दिलेली, एक कबुलीही आहे.

यावरून लगेच शेतकऱ्याला दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. भेंडीचेच उदाहरण घेऊ. भेंडी दिवसाआड तोडावी लागते. एक तोड चुकली की शेंग जून होते आणि मग तिला बाजारात कुणी हात लावत नाही. औषधाच्या डब्यावर तर फवारणीनंतर अमुक दिवस तोडणी करू नये, असे छापलेले असते. तो काळ पाळायचा म्हटले तर मधल्या तोडण्या फेकून द्याव्या लागतील. त्यांचा खर्च कोण सोसणार? दलाल सोसत नाही, गिऱ्हाईकही सोसत नाही. पहाटेच्या गाडीने भाजीची टोपली घेऊन मुंबईला जाणाऱ्या आपल्या आया-बहिणींनी हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. किडीचे एक भोक दाखवून पूर्ण वाट्याचा भाव पाडणारे गिऱ्हाईक त्यांच्या रोजच्या ओळखीचे. बिनडागी भाजीचा हट्ट धरणारा आणि स्वस्ताईचा हट्ट धरणारा माणूस बहुधा एकच असतो. तोच माणूस पुढे ‘हल्ली भाजीत विष असते’ अशी तक्रारही करतो.

तेव्हा दोष वाटून घेण्यात फारसा अर्थ नाही. प्रश्न वेगळाच आहे. घरचा वाफा जर घरासाठी, तर घर म्हणजे कोण? लेकरे, नातवंडे, पाहुणे, शेजारची म्हातारी, आजारी माणसाकडे पाठवायची जुडी, इथपर्यंत आपले घर सहज पोहोचते. मग ते कुठेतरी थांबते. जिथे थांबते तिथून पुढे बाजार सुरू होतो. ज्याचा चेहरा आपण पाहिलेला नाही त्याच्या पोटात काय जाते, याची जबाबदारी आपल्यावर किती? ‘माझा शेजारी कोण?’ हा प्रश्न आपल्याला शुभवर्तमानामुळे चांगला ठाऊक आहे. तो विचारणारा शास्त्री शेजारपणाची हद्द आखून मागत होता, आणि त्याला मिळालेल्या उत्तरात हद्द नव्हती, रस्त्यावर पडलेला एक जखमी माणूस होता. आपल्या बाबतीत तो माणूस एखाद्या वेळी आठ वर्षांचा असू शकतो, आणि स्टीलचे ताट घेऊन शाळेच्या व्हरांड्यात रांगेत उभा असू शकतो.

शालेय पोषण आहाराची गोष्ट आपल्याला वरवर माहीत असते. मुलांना खिचडी मिळते, एवढेच. खरे तर ही जगातल्या फार मोठ्या भोजन-योजनांपैकी एक आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने ती सुरू केली, तेव्हा अनेक राज्यांत मुलांना शिजवलेले अन्न मिळत नसे. महिन्याकाठी तीन किलो कोरडा तांदूळ किंवा गहू घरी न्यायचा. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, आणि मग गावोगावच्या शाळांत चुली पेटल्या. २०१३ सालच्या अन्नसुरक्षा कायद्याने हे जेवण मुलांचा कायदेशीर हक्क झाले. २०२१ साली योजनेला ‘पीएम पोषण’ हे नाव मिळाले. आज सरकारी व अनुदानित शाळांतली पहिली ते आठवीची मुले या ताटावर हक्काने बसतात. ही भीक नव्हे, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण अजूनही ‘फुकटची खिचडी’ हे शब्द आपल्या तोंडी सहज येतात.

या ताटाचे माप कागदावर ठरलेले आहे. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. धान्य केंद्राकडून मोफत येते. बाकीच्या जिनसांसाठी आणि इंधनासाठी १ मे २०२५ पासून लागू झालेला दर लहान मुलाला रोज ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्या मुलाला १० रुपये १७ पैसे असा आहे. आता १२० लहान मुलांची एखादी शाळा डोळ्यांसमोर आणू. तिला दिवसाला सहा किलो भाजी लागेल. फक्त सहा किलो! आपल्यातली एखादी बाई डोक्यावरच्या टोपलीतून याच्या कितीतरी पट भाजी नेत आली आहे. शाळेचे २०० दिवस धरले तरी वर्षाची १२०० किलो, म्हणजे काही गुंठ्यांची मेहनत. पैशाची बाजू मात्र ओढगस्तीची आहे. १२० मुलांचे रोजचे सुमारे ८१४ रुपये होतात, आणि त्यात डाळ, तेल, मसाला, गॅस आणि भाजी असे सगळे बसवायचे. ताणले की भाजीचा वाटा सर्वांत आधी आकसतो. मग पन्नास ग्रॅमच्या जागी बटाट्याच्या चार फोडी आणि वर थोडी हळद असे होते.

इथे वाडी आणि शाळा यांची गाठ घालण्याचा विचार सुचतो. डाळ-तेलासारख्या जिनसा ठरलेल्या पुरवठ्यातून आल्या तरी ग्रामीण भागात भाजी बहुधा शाळेच्या पातळीवरच घेतली जाते. शहरी भागात मोठ्या केंद्रीय स्वयंपाकघरांतून डबे येतात, तिथे हे अवघड आहे. पण जिथे चूल शाळेत आहे तिथे दार उघडे आहे. योजनेच्या नियमांतही आता शाळेची पोषणबाग आणि स्थानिक शेतकऱ्यांचा माल यांना उत्तेजन दिलेले आहे. अडते ते नियमापाशी नव्हे, माणसांपाशी. मुख्याध्यापकांना वाटते, रोज कोण भाजी आणून देणार? शेतकऱ्याला वाटते, सहा किलोसाठी कोण जाईल, आणि पैसे कधी मिळतील? दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

भाजी जवळची असली की स्वस्त पडेल, ताजी मिळेल, हे फायदे उघड आहेत. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा फायदा निराळा आहे. ज्या दिवशी शेतकऱ्याला कळते की ही भेंडी समोरच्या शाळेत जाणार, तिसरीतल्या त्या दोन वेण्यांच्या मुलीच्या ताटात पडणार, त्या दिवशी बाजाराचा वाफा कुठे संपतो आणि घरचा कुठे सुरू होतो ही रेघ हलू लागते. ओळखीच्या मुलासाठी फवारा मारताना हात थबकतो. हे माणसाच्या स्वभावातच आहे. नीतीचे मोठमोठे उपदेश जे करीत नाहीत ते पुष्कळदा एक ओळखीचा चेहरा करून जातो. यात नीतीचा कमीपणा आहे, असे कुणी म्हणेल. ज्याला चेहऱ्यावाचून कर्तव्य सुचत नाही तो कसला नीतिमान? तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. पण आपण सर्व साधी माणसे आहोत, आणि आपल्यासारख्यांच्या कर्तव्यबुद्धीला चेहऱ्यांचा आधार लागतो. तो मिळेल अशी व्यवस्था करणे हेही कर्तव्यच मानायला हवे.

शेतातले विष शाळेच्या ताटापर्यंत कसे येते, याचे सर्वांत भयंकर उदाहरण बिहारमधले आहे. १६ जुलै २०१३ रोजी सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या प्राथमिक शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले मरण पावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळले गेले होते. भाजीपाल्यावर ते वापरायला आपल्या देशात आधीच मनाई होती. तरी ते गावात होते, घरात होते, तेलाच्या जवळपास होते. तिथे घडला तो अक्षम्य निष्काळजीपणा, आणि त्याची तुलना रोजच्या फवाऱ्याशी करणे योग्य नव्हे. पण शेताचे कोठार आणि मुलाचे ताट या दोन जागा किती जवळ आहेत, हे त्या दिवशी सगळ्या देशाने पाहिले.

आता भावाचा प्रश्न. शाळेला कमी फवाऱ्याची, ताजी भाजी हवी, आणि पैसे मात्र बाजारातल्या सर्वांत पडेल भावाने देणार, हे चालणार नाही. शेतकऱ्याच्या चांगुलपणावर योजना उभारणे म्हणजे मुलांचे पोट भरण्याचा भार पुन्हा एका गरिबावर टाकणे होय. दान एक-दोनदा देता येते. वर्षाचे दोनशे दिवस देता येत नाही, आणि मागूही नये. या बाबतीत ब्राझील देशाकडून शिकण्यासारखे आहे. तिथे सरकारी शाळांत जेवण देण्याची योजना १९५५ पासून आहे. २००९ साली त्यांनी कायदाच केला की, या योजनेसाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला किमान ३० टक्के हिस्सा कुटुंबशेती करणाऱ्या लहान शेतकऱ्यांकडून माल घेण्यावर खर्च व्हावा; त्यातही भूमिहीनांच्या वसाहती आणि आदिवासी समूह यांना अग्रक्रम. २०२५ साली कायदा बदलून २०२६ पासून हे प्रमाण ४५ टक्के केले गेले. मुख्य गोष्ट खरेदीच्या पद्धतीत आहे. सर्वांत कमी भाव भरणाऱ्याला ठेका, ही नेहमीची निविदेची रीत तिथे बाजूला ठेवता येते. स्थानिक बाजारांतले भाव पाहून दर आधीच जाहीर होतो आणि शेतकरी त्या दराने माल देऊ करतात. एकाने दुसऱ्याचा भाव पाडायचा नाही. सगळ्या पालिकांना हे नीट साधले असे नाही. वाहतुकीची अडचण आणि कागदपत्रांची कटकट तिथल्या लहान शेतकऱ्यालाही चुकलेली नाही. पण मुलाचे जेवण आणि शेतकऱ्याचे पोट हे दोन वेगळे हिशेब नाहीत, हे एका देशाने कायद्यात लिहून ठेवले, ही लहान गोष्ट नव्हे.

बंधू-भगिनींनो, इथपर्यंत वाचून कुणाच्या मनात आले असेल की, आपली मुले कुठे त्या ताटावर बसतात? हा प्रश्न मनातल्या मनात ठेवण्यापेक्षा मोकळेपणाने बोललेला बरा. आपल्यापैकी पुष्कळांची मुले आता इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळांत जातात. तिथे ही योजना नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत आज कोण आहे? वारली, काथोडी, मल्हार कोळी कुटुंबांतली मुले. वीटभट्टीवर, बांधकामावर आलेल्या परगावच्या मजुरांची मुले. म्हणजे ‘वाडीची भाजी शाळेला’ याचा इथला खरा अर्थ आहे, आपली भाजी त्यांच्या मुलांना. आपल्या घराची हद्द कुठे थांबते याची परीक्षा इथेच होते. आपलीच मुले त्या रांगेत असती तर एवढ्यात कुणीतरी टोपली घेऊन गेले असते, असे आम्हांला वाटते.

आणि ‘त्यांची’ मुले म्हणजे कुणी परकी नव्हेत. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा तो भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो आणि आपण पालघर जिल्ह्यात एकत्र आहोत. वसईच्या केळीच्या, फुलांच्या आणि पानवेलींच्या वाड्यांपासून ते डोंगर काही परमुलखात नाहीत. त्या उतारांवर नागली आणि वरई पिकत आली आहे. नागलीत चुना भरपूर, हाडांना ती उत्तम. असे असून त्या मुलखातल्या शाळेच्या ताटातही मुख्य धान्य येते ते बाहेरून आलेला तांदूळ. ज्या मुलाचा बाप नागली पिकवतो त्याला शाळा न बोलता शिकवते की, खरे अन्न म्हणजे पांढरा भात, आणि तुमच्या घरची काळी भाकरी ही गरिबी. अन्नाचे शिक्षण असे रोजच चाललेले असते, फळ्यावर एक अक्षरही न लिहिता.

यावर उपाय म्हणून शाळेत परसबाग करावी, असे आता सगळेच सांगतात. परसबागेच्या स्पर्धाही होतात. आमचे मत थोडे सावध आहे. शंभर मुलांना रोज पाच किलो भाजी लागते. शाळेच्या मागच्या चार वाफ्यांतून ती निघणे शक्य नाही. बागेने ताट भरेल ही अपेक्षा धरली तर बाग दोन वर्षांत मोडते, आणि मग फक्त फलक उरतो. बागेचे काम शिकवण्याचे आहे, आणि ते शिकवणे वाटते तितके सोपे नाही. कारण त्यात आणखी एक अवघड प्रश्न दडलेला आहे.

आपल्या आजी-आजोबांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना शाळेत घातले ते कशासाठी? चिखलातून बाहेर पडण्यासाठी. ‘आम्ही रहाट हाकला, तू नको हाकू’ हेच त्यांचे म्हणणे होते, आणि त्यात काहीही गैर नव्हते. मग आता त्याच शाळेने मुलाच्या हाती कुदळ द्यावी, हे कसे? त्यातही वीटभट्टीवर आईबापांसोबत माती तुडवणाऱ्या मुलाला ‘श्रमाचे मोल शिक’ म्हणून वाफे खणायला लावणे हे शिक्षण नव्हे, ती क्रूर थट्टा आहे. त्याला मातीची ओळख नव्याने करून द्यायला नको. त्याला वही हवी, नकाशा हवा, विज्ञानाची प्रयोगशाळा हवी. आणि ज्या शाळांत सफाईची आणि कष्टाची कामे ठरावीक जातीच्या मुलांच्या वाट्याला येतात तिथे तर परसबाग हे अपमानाचे नवे साधन होऊ शकते.

हा पेच नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथे गांधीजींच्या नयी तालीमची मांडणी झाली. हाताच्या कामातून शिक्षण, हे तिचे सूत्र. सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने ती शाळा चालवली. १९४९ पासून क्वेकर पंथाच्या मार्जरी साइक्स यांनीही तिथे अनेक वर्षे काम केले. भाजी लावणे, स्वयंपाक, सफाई, सूतकताई हे सगळे तिथे अभ्यासाचेच भाग होते. पुढे ही शिक्षणपद्धती देशात फोफावली नाही, याची कारणे अनेक दिली जातात. आम्हांला एक कारण मोठे वाटते: ज्यांनी तिची स्तुती केली त्यांनीच आपली मुले दुसऱ्या शाळांत घातली. गरिबाच्या मुलाने हाताने शिकावे आणि श्रीमंताच्या मुलाने पुस्तकाने, असा अर्थ त्यातून निघाला, आणि गरिबांनी तो बरोबर ओळखला. २००५ साली सेवाग्रामच्या आवारात ‘आनंद निकेतन’ ही शाळा पुन्हा सुरू झाली, आणि तिथे मुले आजही शेतीत आणि स्वयंपाकघरात शिकतात, ही समाधानाची गोष्ट.

म्हणून परसबाग हवी असेल तर ती आधी आपल्या फी भरणाऱ्या शाळांत हवी. जपानमध्ये २००५ साली अन्नशिक्षणाचा खास कायदा झाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्या प्राथमिक शाळांत मुले पाळीपाळीने पांढरी टोपी घालून वर्गाला जेवण वाढतात आणि जेवणानंतर आवरतात. डॉक्टरचा मुलगा आणि दुकानदाराची मुलगी यांना वेगळी पाळी नसते. श्रमाचा अपमान वाटत नाही, कारण तो सर्वांच्या वाट्याला सारखाच येतो. आपल्याकडे पाळी लावायची ठरली तर पहिली तक्रार कुठल्या घरातून येईल, याचा अंदाज वाचकांनी आपापल्या मनाशी करावा.

वीटभट्टीवरच्या किंवा पाड्यावरच्या मुलासाठी मात्र परसबागेत वेगळी जागा असू शकते. पहिल्या पावसानंतर रानात शेवळे येतात, टाकळा उगवतो, कुड्याला फुले लागतात. कुठली भाजी खाजरी, कुठली कशाबरोबर शिजवायची, कुठला कंद दोनदा उकळून पाणी टाकायचे, हे ज्ञान त्या मुलाच्या आजीपाशी आहे. शिक्षकांपाशी बहुधा नसते. त्या तासाला त्याने खणू नये, शिकवावे. बाकीच्यांनी वहीत उतरून घ्यावे.

राहिली आपल्या घरची मुले. त्यांच्या डब्यात काय असते हे सांगायला नको. वाडीत केळीचा घड पिकून पिवळा झालेला, आणि डब्यात पाकिटातले नूडल्स, हे दृश्य आता दुर्मीळ नाही. राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी ही आपल्या वसईची खास मिठाई. ती करायला किती दिवस लागतात हे सांगू शकणारी मुले किती निघतील? जेवणाआधी आपण देवाचे आभार मानतो. त्या आभारात ज्याने पिकवले तो माणूसही असावा, अशी अपेक्षा असते. पण तो कोण हेच माहीत नसेल तर आभार हवेतच राहतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी लढा दिला तो जमीन आणि पाणी वाचावे म्हणून. त्यातून जे वाचले त्यात काय पिकवायचे आणि ते आधी कुणाला द्यायचे, हे ठरवायचे काम आपल्याकडे राहिले आहे.

करायचेच ठरले तर सुरुवात लहान आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते आणि तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. गावातल्या तीन-चार शेतकऱ्यांनी मिळून त्या समितीपुढे जावे. एकट्याने सहा किलो रोज देणे जड जाईल, चौघांनी वार वाटून घेतले तर जाणार नाही. पावसाळ्यात शिराळी, पडवळ, काकडी, अळू. हिवाळ्यात मुळा, वाल, वांगी, लाल माठ. पुढे दुधी, चवळीच्या शेंगा, शेवगा, अशी महिन्यांची यादी आधी करून द्यावी, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या ताईंना बटाट्यावर विसंबावे लागणार नाही. त्या ताई तुटपुंज्या मानधनावर शंभर पाने वाढतात. शेंगा मोडायला आणि पालेभाजी निवडायला लागणारा जादा वेळ त्यांच्या अंगावर टाकू नये, त्यासाठी पालकांची पाळी असावी. भाव सत्राच्या सुरुवातीला ठरवावा आणि सत्रभर बदलू नये, बाजार चढला तरी आणि पडला तरी. पैसे महिन्याच्या महिन्याला. सरकारी रकमेत भागले नाही तर उरलेला फरक गावाने भरावा. सहा किलोंचा फरक एका गावाला जड नाही. कुठल्या वाफ्यावर कुठल्या तारखेला काय फवारले याची एक वही ठेवावी, आणि ती सातवीच्या मुलांनी तपासावी. डब्यावरचे दिवस मोजणे हा त्यांच्या गणिताचाही भाग होईल. आणि मे महिन्यात शाळा बंद असते, विहिरीचे पाणी खाली गेलेले असते. तेव्हा शाळेच्या वाफ्यांना पाणी कुणी घालायचे, हे त्याच पहिल्या बैठकीत नावानिशी लिहून ठेवावे.